मका + सोयाबीन : आंतरपिकाने पाणी वाचतं म्हणतात, मग माझा मका आधी का सुकला?

ओळीतला_माणूस

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, आधीच सांगतो.

गेल्या हंगामात पहिल्यांदाच मक्यात सोयाबीन घेतलं. अर्धं रान सलग मका ठेवलं, अर्ध्यात मक्याच्या दोन ओळींच्या मधे सोयाबीनची एक ओळ. मक्याची संख्या कमी केली नाही, जेवढी सलगला तेवढीच. दोन्हीकडे ठिबक, दोन्हीकडे मोटर तितकाच वेळ चालवली, खत तेच. पहिला दीड महिना आंतरपिकाचं रान बघून लोक थांबायचे, जमीन दिसतच नव्हती इतकं हिरवंगार. मग पावसाने खंड दिला, त्यात वीज पण धड नाही, आणि नेमका मका तुऱ्यावर आलेला. सलग मक्याने पानं गुंडाळली दुपारी, संध्याकाळी परत उघडायचा. आंतरपिकातला मात्र सकाळी दहालाच पानांची सुरळी करून बसायचा आणि शेवटी शेवटी रात्रीतून पण नीट उघडत नव्हता. कणसं भरली पण टोकाला दाणे नाहीत, काही तर अर्धी बोडकी.

आता जिथे वाचावं तिथे लिहिलेलं असतं की तृणधान्य आणि कडधान्य एकत्र घेतलं की पाण्याची बचत होते, जमीन झाकली जाते, बाष्पीभवन कमी होतं वगैरे. मग माझ्याकडे उलटं का झालं? आंतरपिकाला पाणी कमी लागतं की जास्त, हे कोणी सरळ भाषेत सांगेल का? आणि यंदा परत करायचं की नाद सोडायचा?

गिरमिट

"पाणी वाचतं" हा शब्दच घोळ घालतो. वाचतं म्हणजे नक्की काय? शेतातून कमी पाणी उडून जातं, की तेवढ्याच पाण्यात जास्त माल निघतो? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लेख लिहिणारे दोन्ही एकाच पोत्यात घालतात.

पहिलीचं उत्तर : नाही, फारसं कमी होत नाही. १९९३ साली मॉरिस आणि गॅरिटी या दोघांनी तोवरचे बरेच प्रयोग एकत्र करून बघितले होते, त्यात आंतरपिकाने जमिनीतून ओढलेलं एकूण पाणी सलग पिकांच्या तुलनेत जेमतेम काही टक्के इकडेतिकडे होतं, कुठे थोडं कमी कुठे थोडं जास्त. दुसऱ्या गोष्टीत मात्र मोठा फरक, तेवढ्याच पाण्यातून निघालेलं उत्पादन बऱ्याच ठिकाणी १८ टक्क्यांच्या वर जास्त. म्हणजे फायदा पाणी कमी पिण्यात नाहीये, प्यायलेलं पाणी अंगी लागण्यात आहे.

आता हे अंगी कसं लागतं ते बघा. शेतातून पाणी दोन वाटांनी वर जातं, एक पानातून आणि एक उघड्या मातीतून. पानातून गेलेल्याच्या बदल्यात दाणा मिळतो, मातीतून गेलेल्याच्या बदल्यात काहीच नाही. रुंद ओळींच्या पिकात, त्यातून पाऊस थोडा थोडा आणि वारंवार पडणारा असेल तर हंगामातल्या एकूण पाण्यातला तिसरा हिस्सा ते निम्मं मातीतूनच उडू शकतं, आणि त्यातलं बरंचसं पहिल्या महिन्याभरात, जेव्हा पीक वीतभर असतं आणि मधली जमीन उघडी तापत असते. मधे कडधान्य असलं की ती जमीन लवकर झाकते आणि मातीतून उडणारं पाणी सोयाबीनच्या पानातून जायला लागतं. पाणी जातंच, वाट बदलते.

हे ज्याला कळलं त्याला तुमच्या मक्याचं काय झालं ते पण कळेल. तुमच्या रानात पाणी वाचवणारं कोणी नव्हतंच, दोन पिणारे होते. पण पक्कं बोलण्याआधी जमीन किती खोल आहे, ओळींचं अंतर किती, दोन्ही एकाच दिवशी पेरलं का, एवढं सांगा.

ज्वारीतुरीवाला

गिरमिटराव बरोबर बोलले पण माझ्या मते मुळात जोडी चुकली. मी पंचवीस-तीस वर्षं ज्वारीत तूर घेतोय, पाण्याचा ठिबक बिबक काही नाही, नुसत्या पावसावर. ती जोडी जमते कारण दोघांची वेळ वेगळी आहे. ज्वारी शंभर-एकशेदहा दिवसांत उरकते, तूर मध्यम मुदतीची असली तरी १६०-१८० दिवस. आणि तुरीची पहिले दोन महिने वाढ इतकी हळू की नवीन माणूस म्हणेल ही जगते की नाही. त्या काळात ज्वारी तिला जे हवं ते वरच्या थरातून घेते, तूर गुपचूप सोटमूळ खाली घालत असते. ज्वारी काढली की ती हात-पाय पसरते आणि खालची राहिलेली ओल वापरून फुलते. एक जेवून उठल्यावर दुसरा पाटावर बसतो असा प्रकार.

तुमचा मका आणि सोयाबीन एकाच वेळी पाटावर, ताट एकच.

पण एक खरं सांगतो, उगाच मोठेपणा नको. ही जोडी पण भारी खोल जमिनीतच. मी एकदा हलक्या रानात तेच केलं, ज्वारी छान आली, ती काढल्यावर तुरीला खाली काही शिल्लकच नव्हतं कारण खाली जागाच नव्हती, फूटभर माती आणि मग नुसता खडक. तूर फुलली आणि फुलं गाळून उभी राहिली, सरपण झालं त्याचं.

हिशोबी

मला या सगळ्या आंतरपीक प्रकाराबद्दल थोडी शंकाच आहे, कारण हिशोब ज्याला जसा सोयीचा तसा मांडला जातो. एलईआर (लँड इक्विव्हॅलंट रेशो) म्हणून जो आकडा सगळे नाचवतात तो जमिनीचा आहे, पाण्याचा नाही. आंतरपिकातलं मक्याचं उत्पादन भागिले सलग मक्याचं, अधिक आंतरपिकातलं सोयाबीन भागिले सलग सोयाबीन. बेरीज १ च्या वर गेली की टाळ्या. त्यात पाणी कुठेच नाही, तुम्ही दुप्पट पाणी ओतून पण १.१५ आणू शकता.

पाण्यासाठी तसाच वेगळा हिशोब करावा लागतो. उदाहरण म्हणून आकडे घेतो, कुठल्या रानाचे नाहीत, नुसते समजायला :

समजा सलग मका ६ टन हेक्टरी, पाणी ४८० मिमी. सलग सोयाबीन २ टन, पाणी ४४० मिमी. आंतरपिकात मका ४.८ टन, सोयाबीन ०.७ टन, पाणी ४९० मिमी.

जमिनीचा हिशोब ०.८ अधिक ०.३५ म्हणजे १.१५.

पाण्याचा : ४.८ टन मका सलगमधून काढायचा तर ४८० च्या ०.८ पट, म्हणजे ३८४. ०.७ टन सोयाबीनला ४४० च्या ०.३५ पट, १५४. बेरीज ५३८. आपण वापरलं ४९०. भागाकार साधारण १.१०. म्हणजे तोच माल सलगमधून काढायला जे पाणी लागलं असतं त्यापेक्षा ९ टक्के कमी लागलं.

आता गंमत बघा. याच शेतकऱ्याने नुसत्या सलग मक्याशी तुलना केली तर आंतरपिकाने १० मिमी जास्त पाणी प्यायलं आणि मका १.२ टन कमी दिला. दोन्ही वाक्यं खरी आहेत. तुम्ही मोटरचे तास दोन्हीकडे सारखे ठेवून मका बघताय, म्हणून तुम्हाला तोटा दिसतो. सोयाबीन किती निघालं ते तर तुम्ही लिहिलंच नाही की!

आणि माल घसरून मका ४ आणि सोयाबीन ०.५ वर आला तर तोच पाण्याचा आकडा ०.८८ होतो, तिथे मात्र तोटा खराच.

ओळीतला_माणूस

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

माहिती देतो. माती साधारण दीड फूट, म्हणजे ४५ सेंमी, मध्यम काळी, त्याखाली मुरूम. मक्याच्या ओळी ७५ सेंमीवर, मधोमध सोयाबीन. लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, मक्याच्या ओळीला, सोयाबीनला वेगळी नाही. दोन्ही एकाच दिवशी पेरलं. सोयाबीन हेक्टरी हिशोबाने साडेचार क्विंटलच्या आसपास निघालं, सलग सोयाबीन मी घेतलंच नाही त्यामुळे हिशोबीदादांचा भागाकार मला करता येत नाही 🙂 मका सलगमध्ये जेवढा निघाला त्याच्या साधारण दोन तृतीयांश.

मोटरचं वेळापत्रक मी मक्याच्याच वयावर ठेवलं होतं, पहिले ३५ दिवस एक दिवसाआड थोडं, मग वाढवत नेलं.

गिरमिट

झालं, सगळं सापडलं. शेवटच्या ओळीत आहे रोग.

आधी जमिनीची टाकी मोजू. मध्यम भारी मातीत एक मीटर खोलीला साधारण १५० मिमी पाणी पिकाला मिळण्यासारखं धरून राहतं. तुमची खोली ४५ सेंमी, म्हणजे ६७-६८ मिमी. त्यातलं निम्मं पीक ताण न घेता उचलतं, राहिलेलं निम्मं मिळतं पण घाम काढून. म्हणजे हाताशी ३४ मिमी. तुऱ्याच्या वेळी ऊन असेल तर मका दिवसाला ६ ते ७ मिमी खर्च करतो. भागाकार करा, पाच दिवस. पाच दिवस पाणी नाही दिलं की पानं गुंडाळणार, सलग असो की आंतरपीक.

इथे कोणी म्हणेल की आंतरपिकात दोन पिकं म्हणजे खर्च दुप्पट, दिवसाला १२ मिमी. नाही, तसं नसतं. जमीन एकदा पूर्ण झाकली की दिवसाचा खर्च ऊन आणि वारा ठरवतात, झाडं मोजून ठरत नाही. झाकलेल्या मक्याचा आणि झाकलेल्या सोयाबीनचा पीक गुणांक (हवेच्या ओढीच्या किती पट पाणी पीक खर्च करतं तो आकडा) जवळजवळ सारखाच आहे, १.२० आणि १.१५, दोन्ही एकत्र उभे केले तरी तो तिथेच राहतो.

मग तुमचा मका आधी का सुकला? दोन कारणं.

एक, टाकी आधीच रिकामी होत गेली होती. सलग मक्याचं रान बाविसाव्या-पंचविसाव्या दिवशी अर्धं उघडं असतं, वरची माती एकदा सुकली की तिथून फार पाणी उडत नाही, वरचा सुका थरच झाकण होतो. तुमच्या आंतरपिकात तेव्हा सोयाबीन पसरलेलं होतं आणि त्याची मुळं त्या सुक्या थराच्या खालून ओढत होती. रोज एखादा-दीड मिमी जास्तीचा खर्च. तुम्ही पाणी मात्र सलग मक्याच्या वयाच्या हिशोबाने दिलं. पंधरा-वीस दिवसांत वीस-पंचवीस मिमी उधारी चढली, आणि ३४ मिमीच्या टाकीत ती उधारी म्हणजे जवळजवळ सगळी टाकीच. लोक थांबून बघायचे ना ते हिरवंगार रान, ते त्या पैशावर हिरवं होतं.

दोन, खंडाच्या काळात दिवसाचे ६ मिमी गेले त्यातले सगळे मक्याच्या वाट्याला आले नाहीत. काही सोयाबीनने उचलले. मक्याची तंतुमुळं आणि सोयाबीनची मुळं, खोली मिळाली असती तर मका सव्वा-दीड मीटर गेला असता आणि सोयाबीन त्याच्या वर राहिलं असतं. खाली मुरूम, दोघं त्याच दीड फुटात. वाटणी खोलीत होत नाही तेव्हा भांडण होतं.

आणि एक गोष्ट कोणी बोललं नाही अजून. मक्याचा डाव एकच असतो. तुरा पराग सोडतो आठवडाभर, ताणात स्त्रीकेसर बाहेर यायला उशीर होतो, ते येईपर्यंत पराग संपलेला. कणसाच्या टोकाचे केसर सगळ्यात शेवटी येतात म्हणून टोक बोडकं. सोयाबीनला अशी घाई नाही, त्याचा फुलोरा आठवडे चालतो, दहा दिवस वाईट गेले तर फुलं गाळतं आणि पाऊस आला की परत लावतं. त्याचा नाजूक काळ पुढे, शेंगा भरताना. म्हणजे ताण सारखाच, पण मार मक्याने खाल्ला.

शिकाऊ_२

मधेच विचारतो, माफ करा. कुठेतरी वाचलं होतं की तुरीची मुळं रात्री खालचं पाणी वर आणून सोडतात आणि शेजारच्या पिकाला मिळतं. हे खरं की थाप?

मातीतली_मी

खरं आहे, पण जेवढं गोड वाटतं तेवढं नाही. रात्री पानांची रंध्रं मिटतात, ओढ थांबते. तेव्हा खालचा थर ओला आणि वरचा सुका असेल तर मुळातून पाणी खालून वर सरकतं आणि वरच्या सुक्या मातीत पाझरतं. १९८९ च्या आसपास वाळवंटी झुडपांवर हे नीट दाखवलं गेलं, नंतर तूर आणि मका एकत्र लावून पाण्यातल्या हायड्रोजनच्या समस्थानिकांवरून (त्याच हायड्रोजनचे हलके-जड प्रकार) कुणाच्या खोडात कुठल्या खोलीचं पाणी आहे हे पण तपासलं गेलंय. नाचणी आणि तुरीवर कुंड्यांतले प्रयोग आहेत, तिथे मुळांना जोडणाऱ्या बुरशीचं जाळं असलं तर नाचणीला दुष्काळात त्याचा आधार मिळाला.

पण शेतात यावर पेरणी ठरवू नका. आलेलं पाणी थोडं असतं, आणि सकाळी ऊन वर आलं की तूर स्वतःच त्यातलं बरंचसं परत ओढते. झाड मरू नये एवढा आधार, कणीस भरेल एवढा नाही. शिवाय खाली ओल असायला हवी ना, दीड फुटाखाली मुरूम असेल तर आणणार कुठून.

ओळीतलेदादा, आता तुमच्या ठिबकबद्दल. गिरमिटदादांचं मातीचं गणित मला पटलं, पण एक चूक त्यांच्या नजरेतून सुटली. लॅटरल मक्याच्या ओळीला आणि सोयाबीन तिथून ३७ सेंमीवर. मध्यम काळ्या मातीत ओल आडवी तेवढी जाते, पण जाते ती कडेची, पातळ. सोयाबीनने मग काय केलं असणार? मुळं मक्याच्या ओल्या पट्ट्यात घातली. तुम्ही सोयाबीनला पाणी दिलं नाही, त्याने ते मक्याच्या बुडातून घेतलं. वेगळी लॅटरल टाकली असती तर दोघांची मुळं थोडी तरी आपापल्या घरी राहिली असती आणि खंडात कुणाला पाणी द्यायचं ते तुमच्या हातात राहिलं असतं. तुऱ्याच्या दहा दिवसांत सोयाबीनचा वॉल्व्ह बंद, मक्याचा चालू. एका लॅटरलवर ते जमतच नाही.

म्हणूनच मला एकाआड एक ओळ आवडत नाही ठिबकावर. पट्टे करा. मक्याच्या दोन किंवा चार ओळी, मग सोयाबीनच्या चार. सावलीचा त्रास कमी, कोळपणी सुटसुटीत, काढणी सोपी, आणि पाण्याचे दोन वेगळे कप्पे. फक्त फार रुंद पट्टे केले तर मग ते आंतरपीक राहत नाही, शेजारी शेजारी दोन शेतं होतात, मुळांची देवाणघेवाण फक्त कडेच्या ओळींत उरते.

ज्वारीतुरीवाला

ताई पट्टे वगैरे ठीक आहे पण सोपा मार्ग का नाही सांगत. मक्यात सोयाबीनच्या ऐवजी चवळी टाका, चाऱ्याची. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत कापायची, मका तुऱ्यावर यायच्या आधी. कापून जनावराला घाला नाहीतर तिथेच ओळीत पसरा. पिणारा गेला, वरून आच्छादन झालं. दाण्याचा हट्ट सोडला की निम्मे प्रश्न सुटतात.

हिशोबी

चवळीची कल्पना चांगली आहे पण मग सोयाबीनचे साडेचार क्विंटल गेले, ते पण लिहा. शिवाय पसरलेली चवळी पाऊस पडेपर्यंत झाकण, पण ती वाढवायला गेलेलं पाणी तर गेलंच. पंचेचाळीस दिवसांची चवळी फुकट पाणी पीत नाही.

आणि एक जुनी गोष्ट आठवली म्हणून लिहितो. १९१० च्या दशकात ब्रिग्ज आणि शँट्झ यांनी कोलोरॅडोत डब्यांत झाडं वाढवून, रोज वजन करून, एक किलो सुका पाला-खोड-दाणा तयार करायला किती किलो पाणी लागतं ते मोजलं होतं. ज्वारी ३२२, मका ३६८, गहू ५१३, लसूणघास ८३१. हवा बदलली की आकडे बदलतात, पण क्रम बराचसा तोच राहतो. मका-ज्वारी-बाजरी ही मंडळी उन्हात कमी पाण्यात कार्बन पकडणारी, कडधान्यं त्या मानाने उधळी, त्यात प्रथिनं बनवणं महागडं काम. त्यामुळे मक्याच्या वाट्याचा प्रत्येक मिमी जेव्हा कडधान्याकडे जातो तेव्हा किलोच्या हिशोबात तोटाच असतो. फायदा कधी? जेव्हा कडधान्य ते पाणी पितं जे मक्याला मिळणारच नव्हतं. उघड्या मातीतून उडणारं, मक्याच्या मुळांखाली निसटणारं, किंवा मका काढल्यावर शिल्लक राहिलेलं. एवढ्या तीनच जागा आहेत. तुमच्या जोडीत यातलं एक तरी होतंय का, हा प्रश्न विचारा स्वतःला.

गिरमिट

हिशोबी, हे फार नेमकं लिहिलंत. ओळीतल्यांच्या रानात पहिली जागा तेवढी खरी होती, आणि ठिबक असल्यामुळे ती पण लहान, कारण ठिबकावर मधली माती तशीही कोरडीच असते. म्हणजे वाचवण्यासारखं जे होतं ते ठिबकने आधीच वाचवलेलं होतं! तुषार किंवा पाटपाणी असतं तर सोयाबीनने जास्त कमावलं असतं. हे मला पण लिहिता लिहिताच सुचलं.

फक्त किलोच्या हिशोबाला एक जोड देतो. तो पालापाचोळ्याचा हिशोब आहे, घरात काय येतं त्याचा नाही. एक किलो सोयाबीनमध्ये प्रथिनं आणि तेल मिळून निम्म्याहून जास्त वजन, मक्यात बहुतेक पिठूळ. दोघांना एका तराजूत घालणं मला पटत नाही. शिवाय नत्र. उपाशी मका पाणी पितो पण दाणा कमी देतो, त्यामुळे जिथे नत्र कमी पडतं तिथे कडधान्याशी जोडी जास्त खुलते : कडधान्य हवेतला नत्र घेतं आणि मातीतला मक्याला सोडतं. तुम्ही दोन्ही रानांना सारखं भरपूर खत दिलंय, तिथे तो फायदा पण बुजला, उलट मका उंच होऊन सोयाबीनवर सावली पडली.

ओळीतला_माणूस

आता डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे माझ्याकडे उथळ जमीन, एकच वेळ, एकच लॅटरल, पूर्ण संख्या आणि ठिबक. सगळीच पानं उलटी पडली, आणि वरून मक्याच्या वयाचं वेळापत्रक.

एक शंका राहते. मक्याची संख्या मी कमी करायला हवी होती का? मला भीती वाटते की संख्या कमी केली आणि सोयाबीन पण नाही आलं तर दोन्हीकडून गेलो.

मातीतली_मी

ती भीती योग्य आहे. पाऊस चांगला असेल तर पूर्ण मका अधिक सोयाबीन हे जास्त देतं, पाऊस दगा देणारा असेल तर कमी संख्या झेपते. वर्ष कसं जाणार हे पेरताना कळत नाही, ही खरी अडचण. मी मधला मार्ग घेते, मका साधारण पाऊणपट आणि सोयाबीन मक्यानंतर दोन-अडीच आठवड्यांनी टोकायचं. उशिरा टोकलं की मका तुऱ्यावर असताना सोयाबीन अजून लहान असतं, त्याचा खर्च कमी. हो, सावलीत ते थोडं उंच लुकडं होतं आणि दाणा कमी देतं, ते सोसायचं. आणि उलटं कधी करू नका, सोयाबीन आधी आणि मका नंतर, मका बापडा मागे पडतो तो पडतोच.

ज्वारीतुरीवाला

मी तर म्हणतो दीड फुटाच्या रानात मका लावायचाच कशाला 😀 पण ते जाऊ दे, कोणाचं ऐकून कोण पीक बदलतं.

ओळीतला_माणूस

काका तुमचं पण बरोबर, पण मका माझ्या जनावरांना लागतो, तो सोडता येत नाही.

असं ठरवतोय. रानाचे तीन तुकडे. एकात सलग मका. दुसऱ्यात चार ओळी मका चार ओळी सोयाबीन, वेगळ्या लॅटरल, सोयाबीन पंधरा दिवस उशिरा. तिसऱ्यात मक्यात चाऱ्याची चवळी, पंचेचाळीसला कापून. आणि यंदा थोडं सलग सोयाबीन पण कोपऱ्यात, हिशोबीदादांच्या भागाकारासाठी. प्रत्येक तुकड्याला वेगळं पाणी मीटर बसवतो, मोटरचे तास हे काही माप नव्हे हे कळलं.

टेन्शिओमीटर (माती किती सुकली ते दाखवणारं यंत्र) घेतोय दोन. कुठे लावू? मक्याच्या बुडात की मधे?

गिरमिट

दोन्ही एकाच जागी, मक्याच्या ओळीत, लॅटरलच्या ड्रिपरपासून वीतभर बाजूला. एक २० सेंमीवर, एक ४० वर. वरच्याचा आकडा चढला, म्हणजे माती सुकत चालली, तर पाणी द्यायची वेळ जवळ आली. खालचा चढायला लागला आणि वरचं पाणी देऊनही तो उतरत नाही, म्हणजे उधारी चालू झाली, मग वेळ वाढवायची. खालचा सतत शून्याच्या आसपास बसला असेल तर मुरमात पाणी सोडताय. आणि मीटर मिमीत वाचायला शिका, एक मिमी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, हेक्टरला दहा हजार.

तुकडे तीन आणि टेन्शिओमीटर एक जोडी आहे तेव्हा ती पट्ट्याच्या तुकड्यात लावा. बाकी दोन्हीकडे फावड्याने वीतभर खड्डा काढून माती मुठीत दाबून बघायची. गोळा बनला आणि बोटाने ढकलल्यावर फुटला तर अजून एक-दोन दिवस आहेत, गोळाच होत नसेल तर उशीर झाला.

ओळीतला_माणूस

केलं नोंद. सोयाबीन टोकायच्या आठवड्यात परत येतो इथे, तेव्हा मक्याची मुळं उकरून त्याचा फोटो टाकतो, ती मुरमाला टेकून आडवी वळली आहेत की खाली गेली आहेत ते तुम्हीच बघा.